दोराचं दुसरं टोक

गोदीतलं पाणी बारा महिने चहासारखं,
कुणी उरवलेल्या, साय धरलेल्या.
डोळ्यांसमोर धरलेला हात दिसत नाही,
म्हणून खाली गेल्यावर मी डोळे मिटूनच घ्यायचो.
उघडे ठेवले की उगाच भीती वाटते.

त्या दिवशी जहाजाच्या पंख्यात जाळं अडकलं होतं,
ससून डॉकच्या कुणाचं तरी, नायलॉनचं.
इंजिनरूमच्या स्विचवर लाल पाटी:
पाणबुड्या खाली आहे.
ती लावताना मी पाहिलं नव्हतं.
वहीत सही होती. सहीच्या भरवशावर उतरायचं असतं.

आणि वर, धक्क्यावर, अंतोन डाबरे.
वसईचा, केळीच्या वाडीतला, बोलायला कंजूष.
माझ्या कमरेच्या दोराचं दुसरं टोक त्याच्या मुठीत.

एक झटका: बरा आहेस?
एक झटका: बरा आहे.
दोन: सैल सोड.
चार: ओढ.
एवढ्याशा व्याकरणावर आम्ही अकरा वर्षं काढली.

पातं माझ्या उंचीएवढं. त्याला खांदा टेकून कापत होतो.
सुरी बोथट झाली, आणि का कोण जाणे,
मी एक झटका दिला.
वरून काही नाही.
पुन्हा दिला.
काही नाही.
मग आला. एकच, नीट.
काम संपवून वर आलो, चहा प्यालो, विसरलो.

संध्याकाळी कॅन्टीनमागे तो टोपी हातात घेऊन उभा.
"खडपे, मघाशी दोर माझ्याकडे नव्हता.
खुंटाला बांधला होता. दोन मिनिटं.
अश्विनीतून फोन आला, बायकोला कळा सुरू झाल्या."
कुणी पाहिलं नव्हतं. वहीत सगळं ठीक.
मला जन्मात कळलं नसतं.
"साहेबांना सांगून आलोय," म्हणाला,
"आधी तुला सांगायला हवं होतं."

चौदा दिवसांची शिक्षा झाली.
मुलगी त्याने पंधराव्या दिवशी पाहिली.

चिडलो का? चिडलो तर.
कित्येक रात्री पातं डोक्यात फिरत राहिलं,
कॅन्टीनमध्ये तो बसला की मी उठायचो.
बायको म्हणाली, बदली माग.
अर्ज लिहिलासुद्धा. खिशात घामाने विरघळला.

मग पुन्हा एक जहाज आलं, पुन्हा तेच पाणी.
साहेबांनी विचारलं, दोर कुणाकडे देऊ?
समोर सहा जण. पाच अगदी चोख,
नावापुढे एक लाल रेघ नाही.
मी म्हणालो, डाबरे.

साहेबांनी कारण विचारलं नाही.
विचारलं असतं तर काय सांगणार होतो?
खुंटही धरतो घट्ट, माणसाहून घट्ट.
पण खुंट संध्याकाळी येऊन सांगत नाही.

शिडीच्या तिसऱ्या पायरीवर होतो,
पाणी अजून घोट्यापर्यंतही नाही,
तोच एक झटका आला.
एवढ्यात?
मीही एक दिला.