ढील

मुलीला वाटतं, आम्ही पळून आलोय.
"परत कधी?" नेझा फोनवर विचारते,
तिच्या मागच्या खिडकीला मारिबोरचा बर्फ थापलेला.
लोइझे म्हणतो, "दोर जुना झाला की."
दोर दर तीन वर्षांनी जुना होतो.
आम्ही नवा घेतो.

हा सातवा हिवाळा. पांढरी गाडी, तिच्या पोटात
सत्तर मीटर दोर, गुडघ्यांचं मलम,
त्याचा चष्मा, आणि तो चष्मा शोधायचा चष्मा.
सिसिलीत संत्री स्वस्त होती, खडक धारदार.
सियुरानात एक म्हातारा बाकावर बसून
रोज हिशेब ठेवायचा आमचा:
वर गेले दोन, खाली आले दोन.
आता कालिम्नोस. इथे कड्यांवर
आमच्याआधी शेळ्या पोचलेल्या असतात.

मी चाळीस वर्षं माणसांना भूल दिली,
येसेनित्सेच्या इस्पितळात.
झोपलेल्याचा श्वास बघत बसायचं, एवढंच काम.
म्हणून कड्याखाली दोर धरून उभी असताना
मी त्याच्या हातांकडे बघत नाही, पाठीकडे बघते.
पाठ भराभर हलू लागली की समजते, घाबरलाय.
मग वीतभर ढील देते.
घाबरलेल्या माणसाला ओढू नये.

तो रेल्वेचे पूल तपासायचा.
हातोडीने एकेक रिव्हेट वाजवून, कान देऊन.
इथेही खडकाला आधी टिचकी मारतो, ऐकतो,
मग बोटं ठेवतो.
खाली तरुण पोरं ताटकळतात.
मी काय सांगू त्यांना,
मला मागणी घालण्याआधी
दोन वर्षं टिचक्याच मारत होता.

घरमालकीण थेमेलिना. वय विचारलं तर
"ऐंशी" म्हणते, आणि हात हलवते, अजून पुढे.
तिचा नवरा स्पंज काढायला समुद्रात खोल जायचा.
"त्याच्याही कमरेला दोर होता.
दुसरं टोक होडीवर, माझ्या भावाच्या हातात.
एकदा भावाने घाईने वर ओढलं.
पुढे तीस वर्षं नवरा खुर्चीत.
भाऊ रोज येऊन त्याची दाढी करायचा.
त्या दिवसाबद्दल दोघं कधी बोलले नाहीत."
मग माझा तळवा उलटा करून
दोराने भाजलेल्या रेघा बघितल्या तिने.
"तू घाई करत नाहीस ना?"

मंगळवारी लोइझे चौथ्या बोल्टपाशी थांबला.
त्याचं मधलं बोट शरदापासून मिटत नाही.
पाठ मात्र शांत होती, अगदी शांत,
भूल चढताना उलटे आकडे मोजणाऱ्याची असते तशी.
मी घाबरले ती तेव्हा.
"उतरव," तो म्हणाला.
अडतीस वर्षांत हा शब्द मी ऐकला नव्हता.

उतरवला. वीत वीत.
त्याने कमरेची गाठ सोडली,
टोक माझ्यासमोर धरलं,
आणि उगाच बुटातला खडा काढत बसला.

मी चढले. पाच मीटर, दहा.
त्याने मागे सोडलेल्या कॅराबिनरपर्यंत, मग त्याच्याही पुढे.
आणि खालून दोर येतोय, येतोय,
पतंगाला सोडावा तसा!
"अरे, ढील कमी कर! पडले तर थेट तुझ्या मांडीवर येईन!"
कड्याखालची सगळी पोरं हसली.
तो हसला नसावा.
दोर किंचित ताणला गेला,
आणि त्यातून मला त्याचे हात कळले,
दोन्ही.

येताना कॅराबिनर काढून आणला.
त्याने तो न बोलता थेमेलिनाला देऊन टाकला,
शेळीच्या दाव्यासाठी.
आत्ता शेळी दावं सोडवून छपरावर चढली आहे,
थेमेलिना खालून तिच्या सात पिढ्या उद्धरतेय,
आणि फोन वाजतोय. नेझाच असणार.
"तू उचल," लोइझे म्हणतो.
"माझे हात मलमाने भरलेत."