बॉनेट न उघडता

बॉनेटची केबल तुटलेली.
आत काय आहे ते बघायला वाट नाही
आणि कळमेश्वरचं गिऱ्हाईक सकाळपासून फोनवर:
पेट्रोल की डिझेल?
आरसी बुकात पेट्रोल लिहिलंय, मी म्हटलं.
बुकातलं राहू द्या बुकात, तो म्हणाला,
मिस्त्रीला दाखवा.

गोळीबार चौकातून निनावे मिस्त्री आले,
लुनावर, खांद्याला पाना-पेचकसाची पिशवी.
चौदाव्या वर्षी पॉवरलूमवर लागले होते,
तिशीच्या आत दोन्ही कान गेले,
मग गाड्यांकडे वळले.
म्हणजे मे महिन्यात, दुपारी साडेबाराला,
पत्र्यावर पापड भाजावा अशा उन्हात
मी एका बहिऱ्या माणसाला
इंजिन ओळखायला बोलावलं होतं.

आधी त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली,
पोरगी पाहायला आल्यासारखी.
सायलेन्सरच्या तोंडात बोट घातलं,
काढलं, अंगठ्यावर चोळलं.
काळीभोर, कोरडी काजळी.
"पेट्रोल इतकं काजळ नाई घालत, ताई."

मग आत बसून डॅशबोर्डखाली चाचपत गेले
आणि थांबले एका बटणापाशी.
ओढायचं बटण. वर काही लिहिलेलं नाही.
"हे कंपनीनं नाई देल्लं."
दुसरी बॅटरी जोडली.
किल्ली फिरवली, पण अर्धीच.
ओठ हलवत काहीतरी मोजलं, वीसपर्यंत असावं,
मग पूर्ण फिरवली.

ॲम्बेसेडर खोकली. हादरली.
शेजारच्यांचा कूलर त्या आवाजात बुडून गेला.
मिस्त्रींनी किल्ली काढून
माझ्या तळहातावर ठेवली.
इंजिन चालूच.
"पेट्रोल किल्लीचं आयकते," ते ओरडून म्हणाले.
"हे नाई आयकत."

बाबा गेले त्याला सहा महिने झाले होते.
मी किल्ली मुठीत धरून उभी.

मिस्त्री पोतं अंथरून गाडीखाली सरकले.
हातभर लांब पेचकस,
त्याचं टोक इंजिनाला टेकवलं, मूठ दातांत धरली
आणि डोळे मिटले.
नुसत्या चपला दिसत होत्या बाहेर.
एक चप्पल हळूहळू ताल धरत होती.

"डिझेल तं हायेच. पण या गाडीचं नोहे.
मॅटाडोरचं हाय. चार सिलिंडर,
तिसरं जरासं लंगडते."

मॅटाडोर.
होती आमच्याकडे. पहाटे तीनला बाबा
बेकरीचे पाव घेऊन उमरेडला, भिवापूरला जायचे
आणि थंडीत कधी मी हट्टानं सोबत.
तिचं इंजिन पुढेच, दोन सीटांच्या मध्ये,
वर लोखंडी झाकण, झाकणावर गोधडी,
गोधडीवर मी, उताणी.
खालून ऊब यायची, मागून पावांचा वास.
माझ्या लग्नाच्या वर्षी ती विकली.
चांगला भाव आला, बाबा म्हणाले होते.
नंतर ही घेतली, बंद पडलेली म्हणून स्वस्तात.
नुसत्या सांगाड्याला भाव कसला येतो
हे विचारायचं मला सुचलं नाही.
हळदीचे दिवस, मी बांगड्या बघत होते.

मी पेचकस मागितला.
मिस्त्रींनी मूठ सदऱ्याच्या सोग्याला पुसून दिली.
साडी खोचली आणि पोत्यावर आडवी झाले.
दातांना नुसती झिणझिण.
पण जमिनीतून पाठीत काहीतरी चढत आलं,
एक, दोन, मग जरा अडखळून, चार.
हे अडखळणं माझ्या ओळखीचं होतं.
भिवापूरच्या वाटेवर मी त्यावर झोपायची.

बाहेर आले तेव्हा फोन पुन्हा थरथरत होता.
निनावे मिस्त्रींचा हात त्या बटणावर.
भुवया उचलून त्यांनी विचारलं: ओढू?
मी टाकीकडे बोट दाखवलं. किती आहे?
त्यांनी टाकीवर टकटक केली,
तळहात टेकवून थोडा वेळ थांबले.
"अर्धाक तास चालन."
आणि सावलीत जाऊन बसले.