मानस

शाळेतून कार्ड आलं, गुलाबी.
वय दहा. वजन एक्कावन्न.
पुढं लाल पेनाचा एक गोल
आणि गोलात काहीच नाही.
गौरांगनं ते चार घड्या करून
कंपासपेटीखाली दडवलं होतं.
डबा काढताना मला सापडलं.
मी बोललो नाही.
त्याच घड्यांवर परत मिटलं.

संध्याकाळी फेरीबोटीवर दोर हातात,
रायबंदरचा धक्का जवळ येत होता,
आणि तीस वर्षांपूर्वीची हाक आली:
‘ए भोपळ्या, मधी उभा रा, बोट कलंडेल.’
मी अजून मधेच उभा राहतो.
कामाची सवय, असं सांगतो.

म्हापशाच्या डॉक्टरीणबाई रोखठोक.
‘उतरवायचं काही नाही,’ म्हणाल्या.
‘आहे तिथं थांबवा.
उंची येतेय मागून चालत,
तिला गाठू द्या.’
मग चष्म्यावरून माझ्याकडे:
‘आणि तुम्ही काय खाता?’

काय खातो.
पोदेराचा भोंपू वाजला की सहा पाव, दोन उंडे.
दुपारी हुमण-शीत, त्यात खोट नाही.
आणि रात्री पाळी संपवून येताना
माझ्या पिशवीत दोन लिटरची गार बाटली,
बुडबुड्यांची, नारिंगी.
तो दारात जागा असायचा.
माझ्या उशिराचा दंड
मी साखरेनं भरत होतो.

बाटली बंद झाली. सगळ्यांची.
फ्रिजच्या दारातली ती जागा
संज्योतनं सोलकढीला दिली.
रविवारी दहाला उकड्या तांदळाची पेज,
तोंडाला करमलाचं लोणचं.
पाव सहाचे तीन झाले, तेव्हा पास्कोलनं
सायकल टेकवून विचारलं,
‘पात्रांव, माझं काय चुकलं?’
चवथीच्या नेवऱ्या मात्र मोजल्या नाहीत.
सणाला हिशेब मांडला
की पोर चोरून खायला शिकतं.
मी शिकलो होतो.

पाऊस ओसरला तसे आम्ही दोघं
खाजनाच्या बांधावरून निघालो,
मानशीपर्यंत.
मानस म्हणजे आमच्याकडे पाण्याचं दार,
लाकडी, शेवाळलेलं.
भरतीला आपणच मिटतं,
ओहोटीला आपणच उघडतं,
कुणी ओरडावं लागत नाही.
पहिल्या दिवशी गौरांगनं
‘किती राहिलं?’ अकरा वेळा विचारलं.
मी मोजलं,
कारण तेवढ्याच वेळा
मलाही विचारायचं होतं.
बाराव्यांदा एक खंड्या
सूर मारून मासा घेऊन गेला,
आणि प्रश्न तिथंच राहिला.

भातं कापली की चोडणच्या शेतांत
फुटबॉल सुरू होतो.
खुंटांत अनवाणी, चार चपलांचे दोन गोल.
गौरांग कायम गोलात.
जाडा असला की गोल झाकतो,
हे बेन्टोच्या पोराचं शास्त्र.
डिसेंबरात एकदा हा म्हणाला,
‘आज मी पुढं.’
कुणी हसलं. कुणी चेंडू टाकला.
मी बांधावर, जाळं बघतोय असं दाखवत.
चार वेळा चेंडू पायाला लागला,
दोनदा पडला, गुडघा फुटला.
गोल काही झाला नाही.
घरी येऊन न सांगता पाय धुतले
आणि तांबड्या भाजीला नाव न ठेवता
दोनदा भात मागितला.
संज्योतनं माझ्याकडे पाहिलं.
मी म्हटलं, वाढ.

फेब्रुवारीत दुसरं कार्ड. यावेळी घडी नव्हती.
एक्कावन्न.
‘काहीच झालं नाही,’ तो म्हणाला,
ओठ आत ओढून.
मी त्याला चौकटीला उभं केलं.
पेन्सिलची जुनी रेघ
त्याच्या डोक्याखाली दोन बोटं राहिली होती.
त्यानं वळून पाहिलं, बराच वेळ,
जणू ती रेघ दुसऱ्याच कुणाची.

काल बांधावर तो पुढं होता,
खिशात कैरीची फोड, मीठ लावलेली.
ऊन अजून माडांच्या वर आलं नव्हतं.
मला धाप लागली.
‘किती राहिलं रे?’ मी विचारलं.
त्याला ऐकू गेलं नाही,
किंवा गेलं असेल.