डोळे तपासणी

सप्टेंबरात दिंडोरीहून काड्या येतात,
ओल्या गोणपाटात, बागेच्या नावाची चिठ्ठी बांधून.
दौलत डोळा उभा चिरतो,
भिंगाखाली बघतो आत घड आहे की नुसती बाळी.
चौथा डोळा फळाचा, पाचवा वांझ,
असं वहीत लिहितो आणि पेन कानाला लावतो.

माझी तपासणी दोन वर्षं चालली.
थायरॉईड, पाळीच्या दुसऱ्या दिवसाचं रक्त,
रंग सोडून काढलेला नळ्यांचा एक्स-रे.
सासूबाईंनी सोळा सोमवार सांगितले.
बारशाला नणंदेनं पाळण्याची दोरी
माझ्या हातातून काढून घेतली, हसत हसत.
त्याची काडी कुणी मागितली नाही.

कॅनडा कॉर्नरच्या डॉक्टरीणबाईंनी मागितली.
एवढीशी डबी त्यानं शर्टाच्या आत धरली,
गार पडू नये म्हणून, अख्खा गंगापूर रोड.
स्कूटर मी चालवत होते.
खड्ड्यापाशी म्हणाला, जरा हळू.

आकडे कमी. चाल मंद.
"शीर फुगलीये," बाई म्हणाल्या, "इलाज आहे. बघू या."
अकरावा सोमवार होता तो माझा.

रात्री तो छताशी बोलला:
"आम्ही काडीला बोल लावत नाही गं.
विचारतो, छाटणीनंतर ऊन किती मिळालं,
पाणी कधी तुटलं,
कोवळ्या डोळ्यावर सावली कुणाची होती."
मग कितीतरी वेळ पंखाच.

सकाळी वही उघडीच होती.
कुण्या सखुबाई गायधनींच्या बागेपुढचा
'वांझ' खोडून त्यानं लिहिलं होतं:
घड दिसला नाही. पुन्हा पाहणे.