मुद्दल

बिटको चौकातल्या शाखेत, दुसऱ्या मजल्यावर,
कुलथे मॅडमनी फॉर्मचा रकाना वाचला,
चष्मा कपाळावर नेला.
"आंतरराष्ट्रीय संबंध. म्हणजे नोकरी कुठे लागते?"
मी म्हटलं, दूतावास, युनो, संशोधन संस्था.
त्यांनी संगणकात शोधलं. यादीत
इंजिनिअरिंग होतं, नर्सिंग होतं, हॉटेल मॅनेजमेंटसुद्धा.
शेवटी त्यांनी 'इतर'वर टिचकी मारली.
त्या दिवसापासून मी इतर आहे.

मावशीला वाटलं, परदेशातलं स्थळ आलंय.
"संबंध बरा आहे ना? मुलगा काय करतो?"
यावर हसायला आई घरात नव्हती.
फ्लॅटची कागदपत्रं घेऊन ती झेरॉक्सच्या रांगेत उभी होती.

जामीनदार बाबा.
बत्तीस वर्षं नोटप्रेसमध्ये काढली त्यांनी,
शाई फुटलेला, नंबर चुकलेला, कड सरकलेला ताव
गठ्ठ्यातून नुसत्या अंगठ्यानं ओळखायचे.
रोज सुटताना झडती,
रोज रिकामे खिसे दाखवून घरी.
त्यांनी करारपत्राचं पान खिडकीशी नेऊन
उजेडात धरलं. सवय.
मग काही न बोलता
टिंबं असलेल्या रेघेवर सही केली.

हेगमध्ये मी सत्तासमतोल शिकले.
एका तासाचा भाव काढून ठेवला होता मी, सहा हजार रुपये,
म्हणून तापातही वर्गात बसले.
योहानची फी नाममात्र होती. तो उशिरा यायचा,
आणि खरं सांगते, माझ्यापेक्षा चांगला बोलायचा.

जिनिव्हात इंटर्नशिप मिळत होती. बिनपगारी.
खोलीभाडं आपलं, जेवण आपलं.
जगातली शांतता
ज्यांच्या घरी खायला-प्यायला आहे त्यांनीच राखायची,
अशी रीत असावी.

घेतले होते चोवीस लाख.
परत येऊन नोकरी शोधेपर्यंत अठ्ठावीस झाले,
न शिकता, न परीक्षा देता.

आता पिंपळगावला, मोगलसाहेबांच्या एक्स्पोर्ट ऑफिसात.
रेसिड्यूचे रिपोर्ट, कंटेनरचं तापमान, बंदराचे कागद.
मी जिथून ट्रामनं अर्ध्या तासावर राहायचे
त्या रॉटरडॅमला आता द्राक्षं जातात,
पाच-पाच किलोच्या खोक्यांत, नीट गारव्यात.

मार्चमध्ये तिकडच्या ग्राहकानं माल अडवला.
मणीगळ जास्त, म्हणाला, दहा टक्के कापणार.
मी चार मेल लिहिल्या.
धमकी न वाटेल अशी धमकी,
माघार न दिसेल अशी माघार.
तीन टक्क्यांवर मिटलं.
साहेब खूश. "कुठं शिकलीस गं हे?"
गावाचं नाव सांगितलं,
आकडा नाही सांगितला.

हातात एकोणचाळीस येतात.
पाच तारखेला तीस हजार नऊशे एक्कावन्न जातात.
समोरच्या आरिंगळ्यांचा प्रथमेश, आयटीआय, अंबडला कामाला,
जिन्यात भेटला की विचारतो,
"ताई, वसूल होईल का हो?"
त्याला टोमणा मारायचा नसतो. त्याच्या बहिणीला
असलंच काहीतरी शिकायचंय.
मी म्हणते, तिला माझ्याकडे पाठव.
अजून पाठवलेलं नाही.

पहिला हप्ता गेला त्या रात्री बाबांनी
जुन्या डायरीत मांडणी केली.
व्याज चोवीस हजार पाचशे.
मुद्दलातून सहा हजार चारशे एक्कावन्न.
दोनदा तपासलं, खाली रेघ ओढली.
"हललं," म्हणाले. "थोडं का होईना, हललं."

मग ताटावर बसल्यावर, रोजच्यासारखं,
"ते तैवानचं काय गं? खरंच काही होईल?"
मी मिठाची वाटी पुढे सरकवते,
आमटीचं भांडं मधे ठेवते, हा समुद्र,
लोणच्याची बरणी, ही अमेरिका, लांबून.
ते वाकून बघतात,
उजेडात धरलेला ताव बघावा तसे,
आणि बोटानं मीठ थोडं मागे ओढून विचारतात,
"आणि ह्यानं असं केलं तर?"

भात गार होतो.
आई म्हणते, तुमचं जग नंतर, आधी आमटी द्या इकडे.