सात सात सात

हा आकडा परसोडीच्या आमच्या ऑफिसात
आधी पार्किंगमध्ये होता,
धाबर्डे सरांच्या बुलेटवर,
आरटीओत जास्तीचे पैसे भरून घेतलेला.
आत तो मी आणला.

मे महिना, रात्रीचे सव्वादोन.
डांबर अजून दुपार ओकत होतं.
सर्व्हररूमचा एसी बसलेला,
म्हणून दाराला वीट लावून कूलर आत वळवला होता.
ओल्या वाळ्याच्या वासात लुकलुकते दिवे.
सकाळी दहाला लॅबचं सॉफ्टवेअर चालू व्हायचं होतं
आणि रिपोर्ट फोल्डरात पडत नव्हते.
परवानगी नाही, मशीन म्हणे.
पुन्हा, परवानगी नाही.
सर फोनवर :
"काय करून राहिला बे? खोलून टाक ना सगळं.
उद्या बंद करू."

पहिला सात मालकाचा.
दुसरा मालकाच्या गटाचा.
तिसरा बाकी सगळ्यांचा.
वाचा, लिहा, चालवा.
बाकी सगळे म्हणजे कोण
हे मशीन विचारत नाही.
मीही विचारलं नाही, एंटर मारलं.
सकाळी सरांनी तर्री-पोहे खाऊ घातले,
वरून संत्र्याची बर्फी.

त्या उद्याचं तिकीट मी दोनदा काढलं.
एकदा 'कमी महत्त्वाचं' म्हणून बंद झालं,
एकदा मीच बंद केलं, दिवाळीच्या गडबडीत.
चार मे गेले.
नवा एसी आला. वीट तिथेच,
आता तिच्यावर कोणीतरी हळदकुंकू वाहिलेलं.

मग ऑडिटला निमजे आली,
इतवारीची, बारीक आवाजाची.
एक ओळ टाईप केली, स्क्रीन माझ्याकडे वळवली.
"भाऊ, इथं मालक म्हणून तुमचं नाव दिसते."
मी म्हटलं, पण झालं तर काही नाही ना,
लॉग पाहा, कोणीच आलेलं नाही.
ती म्हणाली,
"लॉगही त्याच फोल्डरात आहे. त्यालाही तीन सात."

म्हणजे कोणी आलं नाही,
हे ज्या कागदावर लिहिलंय
तो कागद चार वर्षं बर्डीच्या चौकात पडून होता,
पेनासकट.

ती जेवायला गेली तेव्हा
मी एकच फाईल शोधली. शोधायला नको होती.
रंगारी हेमलता, वय बावीस. सिकलसेल, वाहक.
मानेवाड्याला आमच्या मागच्या गल्लीत राहते.
दोन वर्षांपूर्वी तिचं साक्षगंध मोडलं,
मुलाकडे कोणीतरी सांगितलं म्हणून.
कोणी, हे मोहल्ल्यानं महिनाभर चघळलं
आणि शेवटी मावशीवर ढकललं.
मावशी तेव्हापासून त्यांच्या दारात येत नाही.
रस्त्यावर दिसली तर हेमलताच तोंड फिरवते.

इथूनच गेलं, असं नाही म्हणता येत.
नाही गेलं, असंही नाही.

सात पाच शून्य.
अर्धा सेकंद लागला.
शेवटी शून्य, बाकी सगळ्यांना काहीच नाही.
निमजेनं हिरवी खूण केली, बॅग आवरली.
मी वीट काढली
तर दार लागेना, चौकट सोडून वाकलेलं.
खांद्यानं रेटत उभा राहिलो तसाच.

घरी जाताना मागच्या गल्लीतून जावं लागतं.
मावशीचं घर त्याच रस्त्यावर आहे,
चक्कीच्या बाजूला.
आज गाडी रिंगरोडनं घेतली.