चार नंबर

पुंता अरेनास. लोकरीचं गोदाम. वारा
दाराला खांदा लावून उभा.
रेमिहिओ बारिया म्हणतो, चार नंबर
रोज संध्याकाळी जातो.
जातो म्हणजे?
जेवायला गेल्यासारखा. उजाडलं की हजर.

आयपी पत्ते पाहिले, कुणाची कुणाशी टक्कर नाही.
पासवर्ड बरोबर. पिंगला उत्तर आलं.
कनेक्टर कापून नवा चढवला,
बोटं इतकी गारठली की आठही तारा
एकाच रंगाच्या वाटल्या.
रेकॉर्डरच्या पडद्यावर तीन चौकटींत गठ्ठे,
चौथीत रेमिहिओ, हात हलवत.

मग अंधारलं.
कॅमेऱ्याच्या डोळ्याभोवती लाल ठिपके उमटले
आणि चौकट काळी.

हात्तिच्या!
ऐंशी मीटर केबल, म्हातारा स्विच,
दिवसापुरतीच वीज देतो.
अंधारात बघायला गेला
की त्या बघण्यानंच विझतो बिचारा.

नवा स्विच गुरुवारच्या बोटीनं.
तोवर?
रेमिहिओनं थर्मासचं झाकण आवळलं,
खुर्ची उचलून चौथ्या खांबाखाली नेली.
कॅमेऱ्याच्या आधी अकरा वर्षं
मीच बसायचो इथं, म्हणाला.

आत रेकॉर्डर नोंदवत राहिला:
चॅनल चार. संपर्क नाही.